अस्थायी अध्यापक व संशोधक, विद्यापीठीय

विद्यापीठात, त्याच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात अथवा मान्यताप्राप्त संशोधनसंस्थेत ठराविक मुदतीसाठी, ठराविक प्रकल्पासाठी किंवा ठराविक तासांसाठी नेमलेल्या आणि त्या जागेवर कायम हक्क नसलेल्या अध्यापकांच्या व संशोधकांच्या वर्गास ही संज्ञा लावली जाते. हंगामी, तदर्थ, रजा-मुदतीतील, कंत्राटी, अभ्यागत, तासिका तत्त्वावरील अशी अनेक विशेषणे या वर्गातील अध्यापकांना लागतात. संशोधकांच्या बाबतीत अधिछात्र, संशोधन सहयोगी व प्रकल्प साहाय्यक ही नावे रूढ आहेत. विशेषणे बदलली, की वेतन, सुटीतील पगार, सेवेची गणना आणि विद्यापीठाच्या निवडणुकांतील मताधिकार हे सर्व बदलते. त्यामुळे या संज्ञांचा इतिहास हा केवळ कार्यालयीन परिभाषेचा इतिहास नाही. ‘अध्यापक’ कोणास म्हणावयाचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

मराठीत ‘हंगामी’ हा शब्द फार्सी ‘हंगाम’ या शब्दापासून आला असून वेळ, मोसम असा त्याचा अर्थ आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यासारख्या द्राक्षांच्या मुलखात तो रोजच्या बोलण्यातला आहे. छाटणीला व खुड्याला मजूर हंगामापुरते येतात आणि हंगाम सरला, की परततात. अध्यापनाच्या बाबतीत मात्र काम दर वर्षी त्याच जागी, त्याच प्रमाणात असूनही नेमणूक हंगामी राहू शकते. ही विसंगती एकाएकी उद्‌भवलेली नसून तिला सुमारे दीडशे वर्षांची पार्श्वभूमी आहे.

एकोणिसावे शतक : मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले. ते परीक्षा घेणारे व पदव्या देणारे विद्यापीठ होते. त्याचे स्वतःचे अध्यापक नव्हते. अध्यापन महाविद्यालयांत होई व तेथील प्रमुख जागा सरकारी नोकरीतील युरोपीय प्राध्यापकांकडे असत. एतद्देशीय विद्वानांना या व्यवस्थेत प्रवेश मिळाला, तो प्रामुख्याने दोन अस्थायी वाटांनी. पहिली वाट दक्षिणा अधिछात्रवृत्तीची. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांस वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा निधी इंग्रजी अंमलातही काही काळ चालू राहिला. त्याचा काही भाग पुण्याच्या पाठशाळेकडे (१८२१) व पुढे मराठी ग्रंथांच्या पारितोषिकांकडे वळविण्यात आला. विद्यापीठाच्या स्थापनेनंतर याच निधीतून एल्फिन्स्टन व डेक्कन या महाविद्यालयांत कनिष्ठ व वरिष्ठ अधिछात्र नेमले जाऊ लागले. त्यांनी स्वतः शिकावे व त्याच वेळी खालच्या वर्गांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही या वाटेने आले. आजचा संशोधन अधिछात्र हा या दक्षिणा अधिछात्राचा दूरचा वारस म्हणावा लागेल.

दुसरी वाट हंगामी प्राध्यापकपदाची. युरोपीय प्राध्यापक रजेवर गेला, आजारी पडला किंवा त्याची बदली झाली, म्हणजे त्या जागी एतद्देशीय विद्वानास तात्पुरते बसविले जाई. भांडारकरांची कारकीर्द या दृष्टीने उद्‌बोधक आहे. सिंध-हैदराबाद व रत्नागिरी येथील शाळांचे मुख्याध्यापक असलेले भांडारकर १८६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी शंका कोणासच नव्हती. तथापि कायम नेमणुकीची वेळ आली, तेव्हा ती जागा पीटर पीटरसन यांना मिळाली व भांडारकर यांच्याकडे दुय्यम स्थान आले. पुढे कीलहॉर्न जर्मनीस परतल्यावर पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयात त्यांना त्या जागेवर काम करण्याची संधी मिळाली. तेथून ते १८९३ मध्ये निवृत्त झाले आणि त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. कुलगुरुपदास पात्र ठरलेला हा पंडित प्राध्यापकपदाच्या कायम हक्कासाठी दीर्घकाळ तिष्ठत राहिला, ही गोष्ट त्या काळच्या व्यवस्थेवर पुरेसा प्रकाश टाकते. १८९६ मध्ये भारतीय शिक्षणसेवा व प्रांतिक शिक्षणसेवा असे वर्ग पाडण्यात आले, तेव्हा हीच दरी नियमबद्ध झाली.

सरकारी चौकटीबाहेर पुण्यात वेगळा प्रयोग झाला. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने (१८८४) चालविलेल्या फर्ग्युसन महाविद्यालयात (१८८५) अध्यापक हेच संस्थेचे आजीव सभासद असत. दरमहा रु. ७५ वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याची प्रतिज्ञा ते करीत. वेतन अल्प, पण सेवा निश्चित, असा हा करार होता. बाहेरच्या प्राप्तीविषयी सभासदांत तीव्र मतभेद होऊन टिळकांनी १८९० मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी गणित शिकविण्यासाठी धोंडो केशव कर्वे आले (१८९१). महाराष्ट्रातील अनेक खाजगी शिक्षणसंस्थांनी हा नमुना कमीअधिक फरकाने उचलला. पुढे विद्यार्थिसंख्या वाढली व सर्व अध्यापकांना सभासद करून घेणे संस्थांना शक्य राहिले नाही. तेव्हा सभासद-अध्यापक आणि केवळ वेतनी अध्यापक असे दोन थर पडले. वेतनी अध्यापकाची नेमणूक एका वर्षाच्या बोलीवर असणे हे तेव्हापासून वावगे मानले जाईनासे झाले.

विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापक : १९०४ च्या भारतीय विद्यापीठ अधिनियमाने विद्यापीठांना प्राध्यापक नेमण्याचा व संशोधनास उत्तेजन देण्याचा अधिकार दिला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९२४ मध्ये प्रपाठक म्हणून त्याची धुरा घेतली व १९३४ मध्ये ते प्राध्यापक झाले. अधिव्याख्याता, प्रपाठक व प्राध्यापक ही तीन पायऱ्यांची शिडी यानंतर स्थिरावली. विद्यापीठ अनुदान आयोगास १९५६ मध्ये वैधानिक स्वरूप मिळाल्यावर वेतनश्रेण्याही देशभर सारख्या करण्याचे प्रयत्न झाले. २००६ पासूनच्या वेतनसुधारणेत साहाय्यक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापक ही नावे आली. पदनामे अशा रीतीने सुटसुटीत होत असता शिडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्यांची नावे मात्र वाढत गेली.

पुणे विद्यापीठाची (आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) स्थापना १९४९ मध्ये झाली. नाशिक जिल्हा व त्याबरोबर दिंडोरी तालुका त्याच्याच क्षेत्रात आहे. १९९० मध्ये जळगाव येथे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले, तेव्हाही तो त्याच क्षेत्रात राहिला. नाशिक शहरात गोखले एज्युकेशन सोसायटीचे हं. प्रा. ठा. महाविद्यालय १९२४ पासून होते. ग्रामीण भागातील उच्च शिक्षणाचा विस्तार त्यानंतर बराच उशिरा झाला आणि त्यात नाशिक जिल्हा मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या (स्था. १९१४) संस्थांचा वाटा मोठा आहे. तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघते, तेव्हा पहिली काही वर्षे ते विनाअनुदान तत्त्वावर चालते. विषय वाढतात, तुकड्या वाढतात, पण मंजूर पदे त्या मानाने येत नाहीत. अस्थायी नेमणुकांचा बोजा म्हणूनच शहरातील जुन्या महाविद्यालयांपेक्षा तालुक्याच्या ठिकाणी अधिक जाणवतो. आदिवासी व शेतकरी कुटुंबांतून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यास तीन वर्षांत एकाच विषयाला तीन अध्यापक लाभावेत, याची झळ त्याला किती बसते, हे सांगावयास नको.

अध्यापकांचे प्रकार : अस्थायी नेमणुकांत सर्वांत जुनी व सर्वांत निर्दोष म्हणजे रजा-मुदतीतील नेमणूक. कायम अध्यापक अभ्यासरजेवर किंवा आजारपणाच्या रजेवर गेला, की त्याचा धारणाधिकार राखून त्या मुदतीपुरता दुसरा नेमला जातो. तदर्थ नेमणुकीत जागा रिकामी असते, परंतु रीतसर निवड समिती बसेपर्यंत काम अडू नये म्हणून स्थानिक पातळीवर निवड होते. हिचा गैरवापर सहज होऊ शकतो व झालाही. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी नेमावयाचे, उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी सेवा समाप्त करावयाची व पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा नेमावयाचा, ही प्रथा देशात अनेक ठिकाणी होती. सुटीचा पगार वाचे आणि सलग सेवेचा दावाही उभा राहत नसे. रतनलाल विरुद्ध हरियाणा राज्य (१९८५) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या प्रथेवर कठोर ताशेरे ओढले आणि सुटीच्या काळातील वेतन देण्याचा आदेश दिला.

कंत्राटी नेमणूक ठराविक मुदतीची व एकत्रित वेतनाची असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार ती अगदी आवश्यक असेल तेव्हाच करावी, एकूण अध्यापकपदांच्या १० टक्क्यांहून अधिक असू नये, निवडीची पद्धत व अर्हता नियमित पदाप्रमाणेच असावी, आणि वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनाहून कमी असू नये. नियम म्हणून यात काही उणे काढता येत नाही. व्यवहारात मात्र या नियमाच्या कक्षेबाहेरचा एक प्रकार वाढत गेला आणि महाराष्ट्रात तोच आज सर्वाधिक परिचित आहे. तो म्हणजे तासिका तत्त्व.

तासिका तत्त्वात नेमणूक पदावर नसून तासांवर होते. विद्यार्थिसंख्या व विषय यांवरून महाविद्यालयाचा कार्यभार ठरतो. नियमित साहाय्यक प्राध्यापकाने आठवड्यास १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असे आयोगाचे मान आहे. रिकाम्या पदाचा हा कार्यभार बहुधा दोघांत वाटून दिला जातो. जाहिरात, स्थानिक निवड, विद्यापीठाची मान्यता, उच्च शिक्षण विभागाच्या सहसंचालकांची मंजुरी हे सोपस्कार दर वर्षी नव्याने होतात. ते पूर्ण होईपर्यंत पहिले सत्र बरेच पुढे गेलेले असते. मानधन घेतलेल्या तासांचे मिळते. दिवाळीची व उन्हाळ्याची सुटी, परीक्षेचा काळ, स्नेहसंमेलनाचे दिवस यांत तास नसतात, म्हणून मानधनही नसते. उत्तरपत्रिका तपासणे, प्रवेशाची कामे, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर ही कामे मात्र महाविद्यालयात असणाऱ्या प्रत्येकाकडे येतात. दिंडोरी किंवा वणी यांसारख्या ठिकाणी नाशिकहून रोज जाऊन-येऊन दोन तास घेणाऱ्या अध्यापकाच्या मानधनातून प्रवासखर्च वजा केल्यास उरते ते फारसे नसते. म्हणून दोन महाविद्यालयांतील तास पदरी घेण्याचा प्रयत्न केला जातो. आयोगाने २०१९ मध्ये अभ्यागत अध्यापकांसाठी प्रत्येक व्याख्यानास रु. १,५०० व महिन्यास जास्तीत जास्त रु. ५०,००० असा दर सुचविला. राज्याच्या तासिका मानधनात वेळोवेळी वाढ झाली असली, तरी ते या दरापर्यंत पोहोचले नाही.

ही पद्धत वाढण्याचे मुख्य कारण आर्थिक आहे. अनुदानित महाविद्यालयांतील वेतनाचा भार शासनावर असतो व नियमित पद म्हणजे तीस वर्षांची बांधिलकी. मे २०१७ मध्ये राज्यशासनाने पदभरतीस स्थगिती दिली. नोव्हेंबर २०१८ मध्ये रिक्त जागांपैकी ४० टक्के भरण्यास मुभा मिळाली. निवृत्तीने रिकामी होणारी पदे या मधल्या काळात साचत गेली आणि त्यांचे अध्यापन तासांवर चालले. दुसरे कारण १९८३ नंतर वाढलेल्या विनाअनुदानित शिक्षणाचे. अशा संस्थांत वेतनाचे उत्तरदायित्व शासनाकडे नसल्याने नेमणुकीच्या अटी बव्हंशी व्यवस्थापनाच्या हाती राहिल्या. शाळांच्या क्षेत्रात २००० मध्ये आलेली शिक्षण सेवक योजना हेही याच विचाराचे अपत्य होय. तथापि तीत तीन वर्षांनंतर नियमित वेतनश्रेणीची हमी होती. तासिका तत्त्वात तशी कोणतीही पायरी नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. परिवीक्षाधीन अध्यापक कसोटीवर असतो आणि कसोटी उतरला, की कायम होतो. तासिकेवरील अध्यापक वीस वर्षे उत्तम शिकवूनही एकविसाव्या वर्षी पुन्हा नवा उमेदवारच असतो.

अर्हता व न्यायालये : १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा (नेट) सुरू झाली व १९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी अधिव्याख्यातापदासाठी ती अट आली. राज्यस्तरीय परीक्षा (सेट) १९९५ पासून पुणे विद्यापीठाकडे सोपविण्यात आली. उत्तीर्णांचे प्रमाण अल्प व महाविद्यालये मात्र वाढती, अशी स्थिती असल्याने १९९१ ते २००० या काळात अनेकांच्या नेमणुका या परीक्षा उत्तीर्ण नसतानाही झाल्या. त्यांच्या सेवेचा प्रश्न दोन दशके लोंबकळला. २०१३ मध्ये प्राध्यापक महासंघाने (एमफुक्टो) परीक्षांच्या कामावर सुमारे तीन महिने बहिष्कार टाकला, त्यातील एक प्रमुख मागणी हीच होती. जून २०१३ च्या शासननिर्णयाने त्यांच्या सेवा नियमित मानल्या, पण त्या निर्णयाच्या दिनांकापासून. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू नसल्यामुळे ही तारीख नेमकी कोणती धरावयाची, यावर म्हातारपणाची तरतूद अवलंबून राहिली व वाद न्यायालयांत गेले.

सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात (२००६) रीतसर निवडीशिवाय झालेल्या तात्पुरत्या नेमणुकांना केवळ दीर्घ सेवेमुळे कायम होण्याचा हक्क नाही, असे ठरविले. मागील दाराने होणाऱ्या भरतीस त्यामुळे आळा बसला हे खरे; पण जाहिरात, मुलाखत व अर्हता या सर्व कसोट्यांतून गेलेल्या कंत्राटी अध्यापकांविरुद्धही तोच निकाल पुढे केला जाऊ लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०१३ मध्ये शासकीय तंत्रनिकेतनांतील कंत्राटी अधिव्याख्यात्यांच्या बाबतीत हा भेद लक्षात घेऊन, तीन वर्षे सेवा झालेल्यांना नियमित करण्याचा आदेश दिला. पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग (२०१६) या निकालात समान कामास समान वेतन हे तत्त्व अस्थायी कर्मचाऱ्यांनाही लागू करण्यात आले. तासिकेवरील अध्यापकास या तत्त्वाचा आधार घेणे कठीण जाते, कारण त्याचे काम नियमित अध्यापकाच्या कामाइतके नाही, असे कागदावर दाखविता येते. काम तासांत मोजण्याचा खरा परिणाम हा आहे.

विद्यापीठाच्या कायद्यातही हा वर्ग जवळजवळ अदृश्य आहे. महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियम, १९९४ आणि त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ या दोहोंत ‘अध्यापक’ याची व्याख्या पूर्णवेळ व मान्यताप्राप्त अध्यापक अशी आहे. त्यामुळे अधिसभा व अभ्यास मंडळे यांच्या निवडणुकांत तासिकेवर शिकविणाऱ्यास अध्यापक म्हणून स्थान नाही. जो अभ्यासक्रम तो शिकवितो, तो ठरविण्यात त्याचा शब्द नसतो.

परदेशांतील स्थिती : कायम पदाची वाट पाहत शिकविणारा विद्वान हा केवळ भारतीय प्रकार नव्हे. जर्मन विद्यापीठांत अध्यापनाचा अधिकार मिळविलेला, परंतु पगार नसलेला ‘प्रिव्हाटडोत्सेंट’ विद्यार्थ्यांनी दिलेल्या शुल्कावर गुजराण करी. इमॅन्युएल कांट हा १७५५ पासून पंधरा वर्षे कोनिग्झबर्ग येथे याच स्थितीत होता. अमेरिकेत १९४० च्या एका प्रसिद्ध निवेदनाने परिवीक्षेचा काळ सात वर्षांहून अधिक असू नये, असे तत्त्व मांडले. पण तेथेही कायमपदाच्या वाटेवर नसलेल्या अंशकालिक अध्यापकांची संख्या पुढे फार वाढली.

संशोधक : संशोधकांच्या बाबतीत अस्थायित्वाला काही अंगभूत कारण आहे. अधिछात्रवृत्ती ही मूलतः शिकाऊ काळासाठी असते. नेटद्वारा निवडलेला कनिष्ठ संशोधन अधिछात्र दोन वर्षांनंतर वरिष्ठ होतो व एकूण मुदत पाच वर्षांची असते. १ जानेवारी २०२३ पासून ही वृत्ती अनुक्रमे रु. ३७,००० व रु. ४२,००० आहे. म्हणजे पीएच्. डी. पूर्ण होण्यापूर्वी अधिछात्रास जे मिळते, त्याहून पुष्कळ कमी प्राप्तीवर तीच व्यक्ती पदवी मिळाल्यावर तासिकेवर शिकविताना दिसते. हे चित्र अपवादात्मक राहिलेले नाही.

अधिछात्राहून प्रकल्प साहाय्यकाची स्थिती निराळी. त्याचे पद प्रकल्पाबरोबर जन्मते व त्याबरोबर संपते. कृषी विद्यापीठांत हा प्रकार विशेष आढळतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे (१९६८) क्षेत्र नाशिक जिल्ह्यापर्यंत असून, दिंडोरीस लागून असलेल्या निफाड तालुक्यात पिंपळगाव बसवंत येथे त्याचे संशोधनकेंद्र आहे. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांचा ७५ टक्के खर्च भारतीय कृषी अनुसंधान परिषद व २५ टक्के राज्य उचलते. वेलीवरचा वा शेतातला प्रयोग अनेक हंगाम चालवावा लागतो. नोंदी ठेवणारा मधेच बदलला, तर त्या नोंदींचा धागा तुटतो. पुराविद्येतही हीच अडचण. डेक्कन कॉलेजने १९५०–५१ मध्ये ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले; त्याचा अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. खणण्याचा मोसम काही महिन्यांचा असला, तरी खापरांची वर्गवारी व लेखन यांना वर्षे लागतात. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध झाली, तर डेक्कन कॉलेजचा १९४८ मध्ये आरंभिलेला संस्कृत महाकोश अद्याप चालू आहे. अशा कामांना ‘प्रकल्प’ म्हणणे हा सोयीचा शब्दप्रयोग म्हटला पाहिजे.

ख्यातनाम संशोधकही कराराच्या मुदतीतून सुटत नाहीत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील करार १९६२ मध्ये पुढे वाढविण्यात आला नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना गुणश्री वैज्ञानिक म्हणून पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञान वर्धिनीत काम करण्याची सोय करून दिली. निवृत्त वा नामवंत व्यक्तींसाठी असलेली गुणश्री, अभ्यागत व (२०२२ पासून) व्यवसायक्षेत्रातील अनुभवी तज्ज्ञांसाठीची प्राध्यापकपदे हीही अस्थायीच असतात, परंतु त्यांत मान असतो व उपजीविकेची चिंता बहुधा नसते. एकाच मथळ्याखाली ही पदे व तासिका तत्त्व मोजणे दिशाभूल करणारे ठरेल.

सेवेची गणना : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे नाशिक उपकेंद्र दिंडोरी तालुक्यातील शिवनई येथे होत असल्याने उच्च शिक्षणातील नव्या जागांकडे परिसरातील पदवीधरांचे लक्ष लागलेले आहे. अशा जागांसाठी अर्ज करताना पूर्वीची सेवा किती धरली जाते, हा कळीचा मुद्दा असतो. २०१८ च्या विनियमांनुसार तदर्थ, तात्पुरती अथवा कंत्राटी सेवा थेट निवडीसाठी व पदोन्नतीसाठी धरता येते. मात्र त्या वेळी उमेदवाराकडे विहित अर्हता असावी, त्याची निवड रीतसर समितीने केलेली असावी आणि त्याला मिळणारे एकूण वेतन नियमित साहाय्यक प्राध्यापकाच्या मासिक वेतनाहून कमी नसावे. पहिली अट तासिकेवरील बहुतेक अध्यापक पूर्ण करतात. दुसरी पुष्कळजण करतात. तिसरी अट पूर्ण करणे त्यांच्या हाती नसते, कारण मानधनाचा दर शासनाने ठरविलेला असतो.